निसटलेला मासा कुठल्या रकान्यात लिहायचा?

कोडोलीत आमच्या घरी पावसाळा लागला की एक गोष्ट हमखास निघते. आमच्या थोरल्या चुलत्यांच्या, म्हणजे आप्पांच्या, गळाला वारणेच्या एका डोहात लागलेला आणि सुटलेला मासा. मी शाळेत होतो तेव्हा तो मासा आप्पांच्या हाताएवढा होता. मी एम.एस्सी.ला गेलो तोवर तो त्यांच्या कमरेपर्यंत आला होता. घरातले हसतात, मीपण हसायचो. पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षात मात्र या हसण्यावारी नेलेल्या माशामुळेच मला माझा अख्खा सर्व्हे फॉर्म टाकून देऊन नव्याने करावा लागला. तुमच्यापैकी जे आता संशोधनाची तयारी करताय, सिनॉप्सिस लिहिताय, त्यांना ही गोष्ट सांगायचीय, कारण तुमचा विषय मासे नसले तरी तुमच्या फॉर्ममध्ये कुठेतरी असाच एक मासा निसटत असणार.

आधी माझी चूक सांगतो. माझा विषय ढोबळमानाने असा: आपल्याकडच्या नद्यांतल्या माशांचे आकार गेल्या काही दशकांत कसे बदलले. त्यासाठी मी बंधाऱ्यावर, डोहावर बसणाऱ्या लोकांकडून माहिती भरून घ्यायला लागलो. फॉर्म सुटसुटीत होता. तारीख, ठिकाण, जाळं की गळ, कुठला मासा, लांबी, वजन. एका संध्याकाळी के.टी. बंधाऱ्यावर एक म्हातारबाबा भेटले. दुपारपासून बसलेले, पिशवी रिकामी. मी म्हटलं, "काय घावलं न्हाई व्हय? मग ऱ्हाऊ दे, तुमचा फॉर्म नको." ते म्हणाले, "म्हंजे मी आज आलोच न्हाई म्हण की."

मी हसून पुढे गेलो. रात्री डेटा एक्सेलमध्ये भरताना ते वाक्य डोक्यातून जाईना. खरंच, माझ्या फॉर्मच्या हिशोबाने तो माणूस त्या दिवशी नदीवर आलाच नव्हता. त्याचे पाच तास, त्याचं आमिष, त्याचा गळ, यातलं काहीच घडलं नव्हतं. आणि आप्पांचा मासा तर कधी अस्तित्वातच नव्हता. दुसऱ्या दिवशी गाईड मॅडमना फॉर्म दाखवला. त्यांनी एकच विचारलं, "यातून नदीत काय आहे ते कळणार आहे, की लोकांच्या गळाला काय लागतं ते?"

हा प्रश्न नीट समजून घ्यायला मला जुन्या पुस्तकांत जावं लागलं. तिथे मला दिसलं ते असं: भारतातल्या मोठ्या माशांचा लिखित इतिहास म्हणून आपण जो वाचतो, तो बराचसा गळ, दोरी आणि काठी यांचा इतिहास आहे. साधन बदललं की नोंदीतला मासा बदलतो.

उदाहरण महसीरचंच घेऊ. आप्पांचा मासाही तोच होता असं ते म्हणतात. मोठ्या खवल्यांचा, जाड ओठांचा, जबड्यात दात नसलेला पण घशात दातांच्या ओळी असलेला, वाहत्या स्वच्छ पाण्यातला मासा. आपल्याकडे काही ठिकाणी त्याला खडशी म्हणतात. त्याचं शास्त्रीय नाव टॉर खुद्री, आणि त्यातलं 'खुद्री' हे मराठी मुलखातल्या बोलीतून आलंय. कर्नल विल्यम हेन्री साइक्स हा मुंबई सरकारसाठी दख्खनची आकडेवारी गोळा करणारा अधिकारी. त्याने पुण्याच्या पूर्वेला साधारण आठ मैलांवर, मुळा-मुठेत मिळालेल्या माशाला १८३९मध्ये हे नाव दिलं. म्हणजे भीमेच्या, पर्यायाने कृष्णेच्या खोऱ्यातला मासा. वारणाही कृष्णेलाच मिळते. आपलाच तो.

पण साइक्सच्या बऱ्याच आधी गळाबद्दल बारकाईने लिहिणारा एक माणूस याच मुलखावर राज्य करून गेला. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर. पन्हाळ्याकडचे शिलाहार ज्यांचे मांडलिक, ते हे चालुक्य. त्याच्या नावावरचा 'मानसोल्लास' हा ग्रंथ इ.स. ११२९च्या सुमाराचा. त्यात राजाने करमणूक कशी करावी यावर एक अख्खा विभाग आहे आणि त्यात 'मत्स्यविनोद' असं प्रकरण. माशांचे प्रकार, कुणाला काय खायला घालून एका जागी जमवायचं, काठी कशी, दोरी कशाची, गळ कसा, मासा लागल्यावर दोरी कधी सैल सोडायची. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१मध्ये या प्रकरणावर निबंध लिहिला, तेव्हा कुठे ते मत्स्यशास्त्रवाल्यांच्या नजरेत आलं. मला त्यातली एक गोष्ट फार आवडली. राजा माशांची विभागणी करताना आमिषाचा विचार सोबत करतो. हा मासा पिठाच्या गोळ्यावर येतो, तो मांसावर येतो. म्हणजे साधन आणि मासा यांची जोडी त्याने तेव्हाच लावून ठेवली होती. मी मात्र ९०० वर्षांनंतर फॉर्ममध्ये 'जाळं की गळ' एवढंच विचारत होतो.

(आमच्याकडे अजूनही डोहावर भांडणं होतात ती यावरूनच. एकजण मळलेली कणीक लावणार, दुसरा गांडूळ, तिसरा खेकडा. आणि तिघंही शपथेवर सांगणार की नदीत फक्त आपलाच मासा शिल्लक आहे.)

साइक्सकडे परत येतो, कारण त्याची गोष्ट अर्धीच सांगितली. त्याने खुद्रीसोबत आणखी एका माशाचं वर्णन केलं, शिरूरजवळच्या घोड नदीतला 'मसुल्ला'. दोन्ही वर्णनं छापली गेली. पण ज्या माशावरून मसुल्लाचं वर्णन केलं तो नमुना आज उपलब्ध नाही. बरणीतला मासासुद्धा निसटतो, तो असा. नमुना नसला की नुसत्या शब्दांवरून ओळख पटवावी लागते आणि मग गोंधळ सुरू होतो. कावेरीत पाठीला उंच कुबड असलेला एक अवाढव्य महसीर मिळायचा. पुढे विसाव्या शतकात त्याला हेच मसुल्ला नाव चिकटलं आणि दशकानुदशकं चिकटून राहिलं. २०१३मध्ये संशोधकांनी दाखवलं की साइक्सचा मसुल्ला हा महसीर नाहीच, तो वेगळ्याच प्रजातीगटातला मासा आहे. मग कावेरीतल्या त्या राक्षसाचं नाव काय? याचं उत्तर २०१८मध्ये आलं: टॉर रेमादेवी. हे नाव २००७मध्ये केरळातल्या पांबार नदीतल्या माशांना दिलेलं होतं. कावेरीच्या खोऱ्यातल्या मोयार नदीत मिळालेल्या माशांचे नमुने तपासल्यावर दोन्ही एकच आहेत हे सिद्ध झालं. त्याच वर्षी हा मासा 'अतिसंकटग्रस्त' म्हणून जाहीर झाला.

जरा थांबून बघा काय झालं ते. जगभरच्या गळवाल्यांना दीडशे वर्षं माहीत असलेला, ज्याचे फोटो क्लबांच्या भिंतींवर लटकत होते, असा मासा. आणि विज्ञानाकडे त्याचं बरोबर नावच नव्हतं. का? कारण गळवाले मोठा मासा पकडायचे आणि संग्रहालयाच्या बरणीत लहान मासा मावतो. पन्नास किलोच्या माशाला फॉर्मॅलिनमध्ये कोण बुडवणार? दोघांची साधनं वेगळी, म्हणून दोघांचा मासा वेगळा.

आता या गळवाल्यांची साधनं बघू. १८७३मध्ये मंगळूरला 'द रॉड इन इंडिया' हे पुस्तक निघालं. लेखक हेन्री सलिव्हन थॉमस, मद्रास इलाख्यातला सनदी अधिकारी. इंग्रज इकडे आले ते विलायतेतल्या सामनची सवय घेऊन. बारीक दोरी, नाजूक गळ, रंगीत पिसांची माशी. आणि महसीरने त्यांची फजिती केली. तक्रार अशी की गळ एक वेळ तुटला तर समजू, पण हा मासा गळ चिरडतो, चपटा करून टाकतो. दुसरी तक्रार पहिल्या धावेची. मासा लागला की तो प्रवाहात अशी धाव घेतो की रिळावरची दोरी संपते आणि मग जे सगळ्यात कमजोर असेल ते तुटतं. थॉमसचं पुस्तक आणि त्याच्या मागून आलेली पुस्तकं यांतला मोठा भाग याच प्रश्नाला वाहिलेला आहे: काय वापरलं म्हणजे तुटणार नाही. जाड तारेचे गळ, फिरणारा धातूचा चमचा, शंभर वारांहून जास्त दोरी मावेल असं रीळ. १९४८मध्ये आपल्या मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने मॅकडोनाल्डचं महसीरवरचं पुस्तक छापलं. त्याच्या नावातच महसीरला चकवण्याची भाषा आहे.

एक गंमत सांगतो. त्या काळी इंग्लंड-अमेरिकेतल्या उत्तम काठ्या ज्या बांबूपासून चिरून-चिकटवून बनायच्या, तो बांबू कलकत्त्याहून जायचा, त्याला नावच 'कलकत्ता केन' होतं. म्हणजे इकडचा बांबू तिकडे जाऊन, पॉलिश होऊन, पितळी टोपणं लावून परत इकडच्या माशासाठी यायचा. आपले भोई लोक तोवर त्याच बांबूची सरळ काठी वापरत होते. आणि १९३८मध्ये ड्यूपॉन्ट कंपनीने नायलॉन जाहीर केलं. त्याची एकेरी धाग्याची दोरी हळूहळू सगळीकडे पोचली. आपल्याकडे तिला तंगूस म्हणतात. रेशीम आणि किड्याच्या आतड्याच्या दोऱ्या ओल्या राहिल्या की कुजायच्या, तंगूस कुजत नाही. आप्पांच्या पिढीला तंगूस मिळाला, त्यांच्या वडिलांना नव्हता. आता मला सांगा, 'आज्ज्याच्या वेळी एवढे मोठे मासे घावत नव्हते' असं कुणी सांगितलं तर त्यातून नदीबद्दल काय समजायचं आणि दोरीबद्दल काय?

नोंदीतले सगळ्यात मोठे महसीर पकडले गेले ते दक्षिणेत. १९१९मध्ये मेजर रिव्हेट-कार्नॅकचा ११९ पौंडांचा. १९४६मध्ये जे. देवेट व्हॅन इंजेन यांचा १२० पौंडांचा, काबिनी नदीतला, म्हणजे साधारण साडेचोपन्न किलो. व्हॅन इंजेन हे म्हैसूरचं प्राण्यांची कातडी भरून ठेवणारं प्रसिद्ध घराणं. त्यामुळे या माशाची आठवण मागे राहिली यात नवल नाही. पण याचा अर्थ १२० पौंड ही महसीरची मर्यादा का? नाही. १२० पौंड ही १९४६मधल्या त्या दोरीची, त्या काठीची आणि त्या माणसाची मर्यादा. त्यापेक्षा मोठा मासा त्याच डोहात असता तर तो कुठल्या यादीत आला असता? 'दोरी तुटली, परत आलो' या यादीत. आणि अशी यादी कुणी करत नाही.

पुराव्याचा हा खेळ फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेत 'बास' नावाच्या माशाचं वेड आपल्या क्रिकेटसारखं आहे. त्यातल्या लार्जमाउथ बासचा जागतिक विक्रम आहे जॉर्ज पेरी नावाच्या जॉर्जिया राज्यातल्या तरुण शेतकऱ्याच्या नावावर. २ जून १९३२, २२ पौंड ४ औंस, म्हणजे दहा किलोच्या थोडं वर. मंदीचा काळ. पेरीने मासा गावातल्या तराजूवर तोलला, साक्षीदारांसमोर मापं लिहून घेतली, एका मासिकाच्या स्पर्धेला पाठवली आणि मासा घरी नेऊन शिजवून खाल्ला. भरून ठेवलेला मासा नाही, हाड नाही. आजतागायत लोक भांडतात की पेरीने नेमकं कुठलं आमिष लावलं होतं. तरी विक्रम टिकला, कारण त्याने त्या वेळच्या नियमानुसार लिहून ठेवलं होतं. २००९मध्ये जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांनी पकडलेला बास पेरीच्या माशापेक्षा औंसभराने जड भरला, पण नियम म्हणतो की विक्रम मोडायला किमान दोन औंसांचा फरक हवा. म्हणून दोघांची बरोबरी धरली गेली.

आणि या दोघांच्यापेक्षा मोठा मासा? तोही मिळाला होता. मार्च २००६, कॅलिफोर्नियातलं डिक्सन नावाचं छोटं तळं. मॅक वीकली नावाच्या माणसाने एक बास वर काढला, हातातल्या काट्यावर वजन भरलं २५ पौंड १ औंस. विक्रमापेक्षा जवळपास तीन पौंड जास्त. पण गळ तोंडात न लागता बाहेरून अंगात रुतला होता. त्याने मासा पाण्यात सोडून दिला आणि विक्रमाचा दावाही केला नाही. दोन वर्षांनी तो मासा मेलेला सापडला, कल्ल्याखालच्या काळ्या ठिपक्यावरून ओळखला गेला. यादीत त्याचं नाव नाही. पुस्तकातला सगळ्यात मोठा बास आणि तळ्यातला सगळ्यात मोठा बास हे दोन वेगळे मासे आहेत. आपण थिसिसमध्ये 'कमाल लांबी अमुक' असं लिहितो तेव्हा यातला कुठला मासा लिहितो, हे निदान आपल्याला तरी माहीत असावं.

आता म्हणाल, मग गळवाल्यांच्या नोंदींना काही अर्थच नाही का? मीही त्या आठवड्यात याच टोकाला गेलो होतो, सगळंच टाकून देऊन जेनेटिक्स करावं म्हणत होतो. मग मला कावेरीवरच्या गालिबोर कॅम्पच्या नोंदींवरचा २०१५चा अभ्यास मिळाला आणि जीवात जीव आला.

कावेरीवर भीमेश्वरी, दोड्डमाकळी, गालिबोर असे कॅम्प होते. मासा पकडायचा, मोजायचा, सोडून द्यायचा. आमिष बहुतेकदा उकडलेल्या नाचणीचा गोळा. (आमची आजी ऐकून म्हणाली, "माशाला भाकरी घालत्यात आणि तुला पिझ्झा लागतो.") २०१२मध्ये हे कॅम्प बंद झाले. पण १९९८ ते २०१२ या काळात गालिबोरला पाहुण्यांच्या माशांची नोंद वहीत झाली होती, आणि माशासोबत पाण्यावर घालवलेले तासही लिहिलेले होते. अॅड्रियन पिंडर, राजीव राघवन आणि रॉब ब्रिटन यांनी त्या वह्या घेतल्या. एकूण २३,६२० तास, ६,१६१ महसीर, एक पौंडापासून १०४ पौंडांपर्यंत.

मासे भागिले तास. याला आपण 'प्रति एकक श्रम पकड' म्हणतो. सगळी जादू भागाकाराच्या खालच्या आकड्यात आहे. त्या म्हाताऱ्याचे रिकामे पाच तास इथे खाली बसतात आणि उत्तर बदलतात. ते गाळले तर प्रत्येक दिवस यशाचा दिसतो. नदीत दहा मासे असोत की हजार, ज्या दिवशी मिळाला तेवढेच दिवस मोजले तर 'रोज मासा मिळतो' असाच निष्कर्ष येणार.

गालिबोरच्या वह्यांतून निघालं ते असं. दर तासाला मिळणारे मासे वर्षागणिक वाढत गेले. वरवर बघणारा म्हणेल, उत्तम, नदी सुधारली. पण माशाचं सरासरी वजन घटत होतं. आणि नोंदी करणाऱ्यांनी माशांचे दोन प्रकार वेगळे लिहिले होते, एक सोनेरी आणि एक कुबडवाला. वाढत होता तो सोनेरी. कुबडवाला घटत चालला होता, आणि हा दुसरा अंगचा कावेरीचा. सोनेरी कुठून आला? इथे मला धक्का बसला. तो आपला खुद्री. लोणावळ्याला वळवण तलावाशी टाटांच्या वीज कंपनीचं महसीर केंद्र आहे. तिथे डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांच्या कामातून खुद्रीचं कृत्रिम प्रजनन यशस्वी झालं, त्यावरचा त्यांचा निबंध १९७१मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आहे. १९७०च्या दशकापासून ती पिल्लं देशभर गेली, कावेरीतही सोडली गेली. हेतू चांगलाच होता, महसीर कमी होतोय तर महसीर सोडू. फक्त तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही की 'महसीर' हा एक मासा नाही. २०१८च्या त्याच लाल यादीत टॉर खुद्री 'संकटग्रस्त'मधून बाहेर आला आणि टॉर रेमादेवी 'अतिसंकटग्रस्त'मध्ये गेला. एका हॅचरीचं यश आणि एका नदीचं नुकसान एकाच वर्षी नोंदलं गेलं.

हे सगळं कळलं ते पाहुण्यांच्या वह्यांमुळे. शास्त्रज्ञांनी त्या नदीत तेवढे तास कधी घालवलेच नव्हते. आणि वहीत 'महसीर' असा एकच रकाना असता तर हे कधीच कळलं नसतं. रकाने पाडताना हात थोडा थरथरला पाहिजे, असं मला तेव्हापासून वाटतं.

मत्स्यशास्त्रज्ञ डॅनियल पॉली यांचा १९९५चा एक पानभराचा लेख आहे, जमेल तिथून मिळवून वाचा. ते म्हणतात की प्रत्येक पिढी आपल्या तरुणपणी पाहिलेल्या समुद्रालाच 'मूळचा समुद्र' धरते. त्यामुळे ऱ्हास मोजायची सुरुवातच दर पिढीत खाली सरकते, आणि हे टाळायचं तर जुन्या लोकांच्या गोष्टी विज्ञानात घ्यायला शिकलं पाहिजे. हे करून कसं दाखवायचं याचं माझं आवडतं उदाहरण लॉरेन मॅकक्लेनाकन यांचं. फ्लोरिडातल्या की वेस्ट बंदरावर पर्यटक पकडलेल्या माशांसोबत फोटो काढायचे. त्यांनी १९५६ ते २००७ या काळातले फोटो जमवले आणि फळीवर टांगलेले मासे मोजले. सरासरी वजन जवळपास वीस किलोंवरून सव्वादोन-अडीच किलोंवर आलेलं. माणसांच्या चेहऱ्यावरचा आनंद मात्र तेवढाच.

आमच्याकडे तसे फोटो नाहीत. साठ-सत्तर सालात वारणाकाठी मासा धरून फोटो काढायला कॅमेरा कुणाकडे होता? आमच्याकडे आप्पा आहेत.

तर मी आप्पांच्या गोष्टीकडे संशोधक म्हणून बघायचं ठरवलं. पहिलं काम, आकार विसरायचा. आठवणीत लांबी सगळ्यात आधी वाढते आणि वजन लांबीच्या घनाच्या हिशोबात वाढतं. गोष्टीत मासा वीस टक्के लांब झाला तर वजन सुमारे त्र्याहत्तर टक्के वाढतं. त्यात प्रवाहाची ओढ आणखी भर घालते. वाहत्या पाण्यात आडवा झालेला पाच किलोचा मासा हाताला पंधरा किलोचा वाटू शकतो. म्हणून 'केवढा होता?' हा प्रश्न मी विचारायचाच नाही असं ठरवलं. त्याऐवजी विचारलं, "आप्पा, काय तुटलं?"

ते एकदम गप्प झाले. एवढ्या वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं. मग म्हणाले, "तुटलं काय न्हाई मर्दा. गळ सरळ झाला."

"दोरी?"

"दोरी हाय तशी. तंगूस न्हवता तवा माझ्याकडं, विहिरीच्या कामाची सुती दोरी व्हती, पीळ घातलेली. गळ लोहाराकडनं करून घेतल्याला."

आमिष खेकडा. वेळ पहिल्या पावसानंतरची, पाणी गढूळ व्हायच्या आधीची. जागा त्यांनी बोटाने दाखवली, आता तिथे बंधाऱ्याचं साठलेलं पाणी असतं. यातली प्रत्येक गोष्ट तपासता येते. खेकडा लावला म्हणजे पिठावर येणारे मासे वगळले. पहिला पाऊस म्हणजे वर चढणाऱ्या माशांचा काळ. दोरी टिकली आणि गळ उघडला म्हणजे जोर गळाच्या तारेच्या ताकदीपेक्षा जास्त पण दोरीच्या ताकदीपेक्षा कमी. तशीच तार घेऊन, तसाच बाक देऊन, स्प्रिंग काट्याला लावून ओढली तर तो जोर किती ते निघतं. जोर म्हणजे वजन नव्हे, हे मघाशी सांगितलंच. आणि दुसरी शक्यता कायम उरते: मासा खडकाच्या कपारीत शिरला असेल आणि गळ उघडला असेल तो दगडाला अडकून. हे मी आप्पांना म्हटलं तेव्हा ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी चहा पीत होतो तेव्हा त्यांनी माझ्यासमोर तंबाखूचा जुना पत्र्याचा डबा ठेवला. आत सुया, सायकलचे दोन छर्रे आणि एक गंजलेला गळ. सरळ झालेला नव्हता पूर्ण, बाक अर्धा उघडलेला. आणि टोकाकडची बाजू चपटी, दाबल्यासारखी. थॉमसच्या काळापासून लोक जी तक्रार करत आलेत, तशीच. मी आनंदाने उडालोच. मग डोकं ठिकाणावर आलं. लोहाराने ऐरणीवर ठोकतानाही ते टोक चपटं झालेलं असू शकतं. आप्पांना विचारायची हिंमत झाली नाही. गळाचे चारी बाजूंनी फोटो काढले, तारेची जाडी व्हर्नियरने तीन ठिकाणी मोजली, डब्यासकट त्यांना परत दिला.

नवीन फॉर्ममध्ये आता मासा शेवटच्या भागात येतो. आधी किती वाजता आलात, किती वाजता उठलात. मग काठी, दोरीचा प्रकार आणि जाडी, गळाचा आकार, आमिष. मग काही लागलं का. मग लागून सुटलं का, आणि सुटलं तर काय गेलं: आमिष, गळ, दोरी, काठी, की फक्त मासा. वजनाचा रकाना आहे, पण समोर 'मोजलं / अंदाज' असं गोल करायचं असतं. भरायला वेळ लागतो, लोक कंटाळतात. मी सोबत शेंगदाणे नेतो.

गेल्या महिन्यात तेच म्हातारबाबा बंधाऱ्यावर परत भेटले. पिशवी रिकामीच. मी शेजारी बसलो, फॉर्म काढला आणि विचारलं, "किती वाजता आलासा?" त्यांनी माझ्याकडे, मग फॉर्मकडे बघितलं. म्हणाले, "दोनला. आणि लिव, एक लागला व्हता, सुटला."

"काय गेलं?"

"गांडूळ," ते म्हणाले. "निस्तं गांडूळ गेलं."

मी तसंच लिहिलं.